शेठला भिजवलेली भाकर

१६ जानेवारी, गुरुवार

ही डायरी दिवाळीला रंगवाल्या कंपनीच्या माणसाने मिलमध्ये वाटली होती. तीन महिने कपाटावर पडून होती. आज योगिताने धूळ झटकून माझ्या हातात दिली. म्हणाली, "पप्पा, शेठ काय खातो, किती खातो, रोज लिहायचं. मी कॉलेजात असते, मम्मीची मान साड्यांच्या धाग्यातून वर निघत नाही. त्याच्याजवळ तुम्हीच बसता." दहावीनंतर मी पगाराच्या सहीशिवाय मराठी लिहिलेलं नाही. शुद्धलेखन कोणी बघू नये.

शेठ म्हणजे आमचा ससा. योगिताच्या मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी दिला. दिवसभर बसून खातो आणि आपल्याकडे असा बघतो की काम आपणच बाकी ठेवलंय, म्हणून मिलच्या शेठवरून नाव ठेवलं. हे मिलमध्ये कोणाला सांगितलेलं नाही.

आज जे बघितलं ते आधी लिहितो. परवा सुरतेत पतंगांची उत्तरायण झाली. गच्चीवर मांजाचे गुंतेच गुंते. शेठच्या पुढच्या पायाला मांजा आवळून बसला होता. सोडवायला म्हणून त्याला मांडीवर उताणा घेतला, त्याने तोंड वर केलं आणि ओठ बाजूला झाला. अरे बाप रे! खालचे दोन दात बाहेर येऊन नाकाकडे वळलेले, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढे. वरचे आत वळलेले, थेट टाळूकडे. मी ओरडलो. सुवर्णा हातातली साडी टाकून धावत वर आली. "अरे माय वं! हाई काय व्हयनं?" म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

तीन वर्षं रोज माझ्या हाताने खातो. तीन वर्षांत मी एकदा त्याच्या तोंडात डोकावलो नाही. लाज वाटते लिहायला, पण योगिता म्हणाली खरं लिहायचं.

आज खाल्लं: भिजवलेली भाकर अर्धी. गाजर तोंडात धरलं, सोडून दिलं.


१७ जानेवारी, शुक्रवार

मिलला गेलो. आमचं फोल्डिंग खातं, म्हणजे रंगून आलेला कापडाचा ताका टेबलावर पसरायचा, दिव्याखाली तपासायचा, सुटे धागे कातरीने उडवायचे आणि घडी घालायची. चहाच्या सुट्टीत विकासला सगळं सांगितलं. विकास अकोल्याचा, त्याला जगातल्या सगळ्या गोष्टींचं उत्तर माहीत असतं. "काहून घाबरतो बे? उंदराचे बी वाढतात. काहीतरी कडक दे कुरतडाले, घासून जाईल." असं म्हणत त्याने मावा मळला, सुपारी, तंबाखू नि चुना प्लास्टिकवर चोळचोळून, आणि आम्ही चौघांनी वाटून घेतला. आमच्या खात्यात मावा एकट्याने खायची पद्धत नाही. एकाने मळायचा, सगळ्यांनी खायचा.

घरी येऊन शेठला कडक भाकरीचा पापुद्रा दिला. त्याने नुसता वास घेतला. ओला करून दिला तर चाटत चाटत खाल्ला. मग कडक कसलं कुरतडणार तो, डोंबल!


१९ जानेवारी, रविवार

शेठची हनुवटी ओली असते. लाळ गळते. छातीवरचे केस चिकटून त्यांची दोरी झालीय. योगिता रुमालाने पुसते आणि रडते. म्हणते, "पप्पा, ए दुबळो थई गयो." पोर घरात मराठी, बाहेर हिंदी आणि रडताना गुजराती बोलते. खरंच वाळलाय. पाठीवरून हात फिरवला तर कणा हाताला लागतो.

आधी मी शिट्टी मारली की शेठ गच्चीच्या दुसऱ्या टोकावरून पळत यायचा. आज मारायला गेलो, शिट्टीच निघाली नाही. नुसती हवा. थंडीचे ओठ फुटलेत. मग जिभेने टकटक केलं.

संध्याकाळी तिघं पाणीपुरी खायला गेलो, पोरीचं मन जरा रमावं म्हणून. या लारीवाल्यांनी पुऱ्या केवढ्या मोठ्या करायला घेतल्यात! आख्खी पुरी तोंडात जाईना. फोडून खाल्ली, सगळं पाणी शर्टावर. योगिता खूप दिवसांनी हसली, म्हणून मीही दुसरी मुद्दाम सांडली. पाणी पण इतकं तिखट की गालाची आग आग झाली. मी खान्देशी माणूस, ठेच्यावर वाढलेला, आणि मला तिखट लागतं म्हणजे या लोकांनी मिरचीत काय घातलंय देव जाणे.

आज खाल्लं: माझ्या ताटातली भिजवलेली भाकर, दोन घास. केळं, एक चकती.


२२ जानेवारी, बुधवार

काय लिहू. पेन हातात घेऊन कधीचा बसलोय.

बॉयलर बंद पडला म्हणून दुपारी तीनलाच मिल सुटली. घरी आलो, शेठ कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला. मनात म्हटलं, रामदास, बावीस वर्षं कातर चालवतोस. जॉर्जेटच्या ताक्यावरून केसाएवढा धागा उडवतोस, कापडाला कधी ओरखडा आला नाही. हे दोन दात तुला जड आहेत? सुवर्णा म्हणाली, "ऱ्हावू द्या. डॉक्टरले दखाडू." मी म्हटलं, डॉक्टर काय वेगळं करणार आहे, तोही कापणारच ना?

माझीच कातर घेतली. गरम पाण्यात धुतली. सुवर्णाने त्याला टॉवेलात धरलं. मी खालच्या दातावर कातर लावली आणि दाबली.

धागा तुटतो तसा दात तुटत नाही. काडकन आवाज आला आणि दात आडवा तुटायच्या ऐवजी उभा चिरला, वरपासून हिरडीपर्यंत. रक्त आलं. शेठ ओरडला. ससा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षांत त्याच्या तोंडून आवाज ऐकला नव्हता, आणि ऐकला तो हा. सुवर्णाने त्याला पोटाशी धरलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की लग्नाच्या चोवीस वर्षांत तसं कधी बघितलं नव्हतं. कातर माझ्या हातातून पडली.

योगिता आली तिला मीच सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने शेठला मांडीवर घेतलं आणि रुमालाने त्याचं तोंड पुसलं. तेच जास्त लागलं.

आज खाल्लं: काही नाही.


२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी खाडा केला. परवत पाटियाच्या पुढे जनावरांची एक डॉक्टरीणबाई आहे, पोरगीच म्हणायची, हेतलबेन. शेठला पिशवीत घालून योगिताबरोबर गेलो. तिने दात बघितले आणि मला विचारलं, "काका, आ कोणे कर्युं?" मी म्हटलं, मी. म्हणाली, "शाने?" मी म्हटलं, कातरीने. तिने डोळे मिटले आणि मोठा श्वास घेतला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिने समजावून सांगितलं. सशाचे दात जन्मभर वाढतच असतात, आपल्या नखांसारखे. गवत चावून चावून ते झिजायचे असतात. दातावर दात बसला नाही की वाढत सुटतात. कापले की असे चिरतात, म्हणून ते बारीक मशीनने घासून कमी करायचे, तेही ससा गुंगीत असताना. ससा एक दिवस उपाशी राहिला तरी त्याची आतडी थांबतात आणि तो जाऊ शकतो. मी मोजलं. काल दुपारपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

"वाचेल का?" योगिताने विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, "आज अहीं राखो. काले कहुं."

उद्यापर्यंत शेठला तिथे ठेवून परत आलो. दुपारी मिलला गेलो, पण कातर हातात धरवेना. विकासने मावा पुढे केला, दोनदा घेतला. तेवढाच आधार.


२४ जानेवारी, शुक्रवार

शेठ जिवंत आहे! आधी हे लिहितो.

मिलमधून दोन तास सुट्टी मागून गेलो. दार उघडलं तर तो पिंजऱ्यात बसलेला, डोळे लाल, पण कान वर. पुढचे दात घासून छोटे केलेत. चिरलेला दात जपावा लागेल, पू झाला तर काढावा लागेल. मागच्या दाढांना टोकं आली होती, ती जिभेला टोचून जखम झाली होती. म्हणजे हे बिचारं इतके दिवस जीभ कापून घेत खात होतं आणि मी म्हणत होतो, नखरे करतो.

डॉक्टरीण वही घेऊन बसली. इथून पुढचं जसं झालं तसंच लिहितो, तिची गुजराती बरीचशी मराठीत करून.

म्हणाली, "काका, दाढांना टोकं येतात म्हणजे हा बरेच महिने गवत खात नाही. काय देता?"

मी म्हटलं, आधी गवतच द्यायचो. मंदिराबाहेर बाई गायीसाठी पेंड्या विकते, त्यातली एक पेंडी रोज आणायचो. मग त्याला भिजवलेल्या भाकरीची गोडी लागली. गवताला तोंड लावेना, म्हणून आणणं बंद केलं.

"भिजवलेली भाकरी कोणी सुरू केली?"

मी म्हटलं, कोणी सुरू करायला नको. आमच्यात ताटातला पहिला घास मुक्या जिवाला काढतात. गावी गायीला काढायचो, इथे शेठला. आणि माझ्या मागेच लागतो तो, म्हणून एक घास म्हणता म्हणता अर्धी भाकर जाते. माझ्या ताटात जे असतं ते त्याला. नवरात्रापासून मी भाकर भिजवून खातो, म्हणून तोही तीच खातो.

तिने पेन खाली ठेवलं. "तुम्ही का भिजवून खाता?"

मी म्हटलं, कडक चावत नाही. तोंड जरा आखडतं. तिखटही लागतं हल्ली. वय झालं.

"वय किती?"

"सेहेचाळीस."

"मावो खाओ छो?"

मी हसलो. म्हटलं, बेन, सुरतेत मावा कोण खात नाही?

ती हसली नाही. "मोढुं खोलो, काका." मी म्हटलं, पेशंट तो आहे. तिने पुन्हा तेच सांगितलं. मी तोंड उघडलं. "हजु." मी म्हटलं, एवढंच उघडतं. तिने टॉर्च मारला आणि लगेच बंद केला. तिचा चेहरा बघून मला शेठचे दात पहिल्यांदा दिसले तो दिवस आठवला.

म्हणाली, "मी जनावरांची डॉक्टर, मला तुम्हाला सांगायचा अधिकार नाही. घरी जाऊन आरशासमोर उभे राहा. तीन बोटं जोडून उभी तोंडात घाला. जात नसतील तर सोमवारी मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. पुढच्या महिन्यात म्हणत बसू नका."

मला राग आला. ससा घेऊन गेलो होतो, माझं तोंड घेऊन नाही. कालची पोर मला शिकवते. शेठला पिशवीत घातलं आणि आलो.

आज खाल्लं: डॉक्टरीणबाईने पिचकारीतून भरवलेलं हिरवं पाणी.


२५ जानेवारी, शनिवार

सकाळी सुवर्णा खाली पाणी भरायला गेली तेव्हा न्हाणीतल्या आरशासमोर उभा राहिलो.

तीन बोटं नाही. दोन पण नाही. एक जातं, दुसरं अर्ध्यावर अडतं. जोर लावला तर कानाच्या खाली कळ आली. ओठ ताणून आत बघितलं, गाल आतून पांढराफटक, जुन्या पिठाच्या पिशवीसारखा. एका जागी मसुराएवढी जखम. ही कधी झाली? माझ्याच तोंडात आहे आणि मला माहीत नाही.

सुवर्णा कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. आरशात दिसली. मी विचारलं, तुला माहीत होतं?

म्हणाली, "मी रोज दखस ना. घास कितला बारीक करतस तुम्ही. सांगं तं वरडतस. म्हनीसन भाकर भिजाडाले लागनू." म्हणजे मी घास बारीक करतो ते ती रोज बघते, बोललं तर मी ओरडतो, म्हणून ती न बोलता भाकर भिजवायला लागली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "तुमनी आनि शेठनी, एकच पातेलामा."

एकाच पातेल्यात. चार महिने.

शेठचं तोंड मी बिघडवलं ते कातरीने नाही, हे आज कळलं. माझं तोंड बंद होत गेलं आणि त्याचे दात वाढत गेले. तरी बघितलं मी त्याच्या तोंडात, माझ्या नाही.

योगिता गवताची पेंडी घेऊन आली. शेठने एक काडी ओढली, सोडली, पुन्हा ओढली.


२७ जानेवारी, सोमवार

सरकारी दवाखाना. सकाळी सातपासून लाइन. तिथल्या डॉक्टरने पट्टी लावून माझं तोंड मोजलं आणि कागदावर लिहिलं, बावीस मिलिमीटर. बावीस वर्षं कातर, बावीस मिलिमीटर तोंड. मला हसू आलं, तो म्हणाला, हसू नका, पट्टी हलते.

पुड्या मळून खातो का, गालात ठेवून झोपतो का, सगळं विचारलं. सगळ्याला हो म्हटलं. जखमेचा एक तुकडा काढून बाटलीत घातला. रिपोर्ट पुढच्या सोमवारी. तुकड्यात काय निघेल ते आधी सांगत नाहीत. एवढं सांगितलं, की तोंड आहे त्यापेक्षा फार उघडणार नाही, पण मावा आज सोडला तर जास्त बंद व्हायचं थांबेल.

मी विचारलं, आणि निघालंच तर? तो म्हणाला, मग लवकर आलात म्हणून बरं. मला लवकर कोणी पाठवलं ते मी त्याला सांगितलं नाही. ससा म्हटलं असतं तर त्याने मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.

भीती वाटते. खूप वाटते. सुवर्णासमोर दाखवत नाही, इथे लिहितो.

शेठने गवत खाल्लं. एक मूठभर.


३१ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस मावा नाही. डोकं भणभणतं, हात शिवशिवतो, कोणावरही खेकसतो. काल योगिताला विनाकारण ओरडलो, मग तिला पेरू आणून दिला.

आज चहाच्या सुट्टीत विकासने मळलेला मावा सगळ्यांसमोर धरला. मी हात मागे घेतला. "काय राजे, उपास आहे का?" म्हणाला. सगळे हसले. मी म्हटलं, "विकास, तीन बोटं जोड आणि उभी तोंडात घाल."

"काहून?"

"घाल तर."

त्याला वाटलं माझी काहीतरी मस्करी आहे. त्याने घातली. दोन गेली. तिसरं दातावर अडलं. तो परत परत घालत राहिला. मग बाबुरावांनी घातली, ते आमच्यात सगळ्यात मोठे, पुढच्या वर्षी रिटायर. त्यांची तिन्ही गेली, ते फक्त तपकीर ओढतात. मग एकेक करून सगळ्यांनी. बाहेर माल भरायला आलेला टेम्पोवाला दारात उभा राहून बघत होता. अकरा माणसं दिव्याखाली टेबलाभोवती उभी आणि प्रत्येकाची बोटं तोंडात. हसू हळूहळू बंद झालं. अकरांत तीन बोटं फक्त चौघांची गेली.

वाल्मिकचं एक बोट गेलं. एकच. तीस वर्षांचा आहे, मागच्या वैशाखात लग्न झालं. तो कितीतरी वेळ हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझी बोटंच जाडी आहेत."

मी पण पुऱ्या मोठ्या झाल्या असंच लिहिलं होतं, मागे पानावर आहे. मग म्हटलं, "वाल्मिक, सोमवारी माझा रिपोर्ट आहे. माझ्याबरोबर चल." तो ताका पुढे ओढून धागे उडवायला लागला. सुट्टी संपायच्या आत विकास जवळ आला आणि हळूच म्हणाला, "लाइन कितीले लागते तिथं?" मी म्हटलं, सातला. मावा टेबलावर तसाच पडून होता. कोणी उचलला नाही, कोणी टाकलाही नाही.

घरी आलो. गच्चीच्या दारात शेठ गवत खात होता. आता त्याच्या दाढांचा आवाज येतो, कर्र कर्र, बारीक. महिन्यातून एकदा दात घासायला न्यावंच लागेल, पण खातोय.

सुवर्णाने माझं ताट वाढलं. भिजवलेली भाकर, बिनतिखटाची डाळ. शेठ उड्या मारत ताटापाशी आला. मी नेहमीसारखा पहिला घास बाजूला काढला, त्याच्यापुढे नेला आणि हात तिथेच थांबला. तो मान वर करून वाट बघत होता. सुवर्णा माझ्याकडे बघत होती. मी उठलो, पेंडीतून मूठभर गवत काढून त्याच्यापुढे टाकलं. मग परत येऊन बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ताटातला पहिला घास मी खाल्ला. तो आत जायला वेळ लागला.